पान नंबर नको, नाव लिहा! व्हर्च्युअल मशीनच्या कागदात हार्डवेअर मॅन्युअलचा संदर्भ कसा द्यायचा



जुन्या विंडोजवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीनमध्ये कसं चालवायचं, ते आपण व्हिडिओत पाहिलं. त्यात एक गोष्ट माझ्याकडून घाईत राहून गेली. काम झाल्यावर ग्राहकाच्या हातात जो कागद द्यायचा, त्यात मदरबोर्डच्या मॅन्युअलचा संदर्भ कसा लिहायचा?

ऐकायला किरकोळ वाटतंय ना? मलाही वाटलं होतं. पण या किरकोळ गोष्टीमुळे माझा एक चांगला ग्राहक गेला. म्हणून आज फक्त तेवढ्याच विषयावर बोलू. तुम्ही कॉम्प्युटर सर्व्हिसिंगमध्ये उतरणार असाल तर शेवटपर्यंत वाचा. दुसरा कुठला धंदा असेल तरी वाचा, कारण मशीन बसवून देणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. मग ते मशीन पिठाच्या गिरणीचं असो की सीसीटीव्हीचं.

माझी चूक काय झाली

२०२१ सालची गोष्ट. म्हसवडहून आटपाडीच्या बाजूला जाताना लागणाऱ्या एका गावात एक कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचं खतं-बियाण्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर जुनं होतं, विंडोज ७ च्या पुढे चालत नव्हतं. कॉम्प्युटर मरायला टेकलेला. मी नवा पीसी दिला, त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, आत विंडोज ७ चं व्हर्च्युअल मशीन बनवलं आणि सगळा डेटा तिथे हलवला. मालक खूश. मीही खूश.

जाताना एक कागद लॅमिनेट करून काउंटरमागे चिकटवला. त्यावर मी लिहिलं होतं: "व्हर्च्युअल मशीन चालू होत नसेल तर मदरबोर्डच्या मॅन्युअलचं पान ३८ उघडा. तिथला तिसरा पर्याय बायोसमध्ये जाऊन एनेबल करा."

मला वाटलं, व्वा, काय प्रोफेशनल काम केलंय!

पुढच्या वर्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि बोर्ड उडाला. मी बाहेरगावी होते, म्हणून त्यांनी जवळच्या एका माणसाकडून दुसरा बोर्ड बसवून घेतला. कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं. विंडोज सुरू झालं, पण व्हर्च्युअल मशीन काही उठेना. दुकानातल्या पोराने माझा कागद बघितला. नव्या बोर्डाच्या खोक्यातलं मॅन्युअल काढलं, पान ३८ उघडलं, तिसरा पर्याय शोधला आणि बदलला.

त्या मॅन्युअलच्या पान ३८ वर हार्ड डिस्कची सेटिंग होती. साटा मोड. तो बदलल्याबरोबर आतलं मशीन राहिलं बाजूला, बाहेरचं विंडोजसुद्धा सुरू व्हायचं बंद झालं. निळा स्क्रीन.

पेरणीचे दिवस. दुकानात बियाण्याला रांग. दोन दिवस हाताने बिलं फाडली. कोणाची किती उधारी, स्टॉकमध्ये काय शिल्लक, काहीच बघता येईना. मी परत आल्यावर गेले. साटा मोड पुन्हा पहिल्यासारखा केला, व्हर्च्युअलायझेशनची खरी सेटिंग शोधून चालू केली. दहा मिनिटांचं काम! पैसे घेतले नाहीत. मालक ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "ताई, कागद नसता तर पोरानं हात लावला नसता. तुम्ही परत येईपर्यंत थांबलो असतो."

वर्षाचा मेंटेनन्स करार पुढे त्यांनी वाढवला नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

घरी येताना मी विचार करत होते. मी संदर्भ दिला होता, तो लिहिला त्या दिवशी बरोबरही होता. मग तो चुकीचा कधी झाला? कारण मी जागा लिहिली होती, वस्तू लिहिली नव्हती. "पान ३८" ही जागा आहे. बोर्ड बदलला, मॅन्युअल बदललं, जागेवर दुसरंच काही येऊन बसलं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मॅन्युअल येतं कुठून?

ज्यांनी व्हिडिओ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. बाहेरच्याला होस्ट म्हणायचं, आतल्याला गेस्ट. आतल्या विंडोजला वाटतं की आपण खऱ्याखुऱ्या मशीनवर आहोत.

हे नाटक इतकं हुबेहूब वठतं कसं? तर हार्डवेअर बनवणारी कंपनी एक मॅन्युअल काढते. या चिपला असा हुकूम दिला की ती असं उत्तर देईल, हे त्यात लिहिलेलं असतं. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक ते मॅन्युअल समोर ठेवून हुबेहूब तशीच वागणारी खोटी चिप सॉफ्टवेअरमध्ये बनवतात.

एक उदाहरण घ्या. क्यूईएमयू नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं. त्यात "ई१०००" नावाचं खोटं नेटवर्क कार्ड मिळतं. ती इंटेलच्या खऱ्या नेटवर्क कार्डाची नक्कल आहे. त्याच्या कोडची फाइल उघडली की सुरुवातीलाच इंटेलच्या त्या चिपच्या मॅन्युअलचा पत्ता दिलेला दिसतो. म्हणजे लिहिणारा सांगतोय, "मी हे मनाने लिहिलेलं नाही, या मॅन्युअलप्रमाणे लिहिलंय, तुम्ही ताडून बघा."

म्हणून हार्डवेअर मॅन्युअल हा या सगळ्या धंद्याचा मूळ करारनामा आहे. त्याच्याकडे बोट दाखवावंच लागतं. प्रश्न एवढाच की बोट कसं दाखवायचं.

आपल्या कामात दोन प्रकारची मॅन्युअल येतात, त्यांची गल्लत करू नका:

१. प्रोसेसरचं मॅन्युअल. इंटेलचं "सॉफ्टवेअर डेव्हलपर्स मॅन्युअल", सगळे एसडीएम म्हणतात. एएमडीचं "आर्किटेक्चर प्रोग्रामर्स मॅन्युअल", म्हणजे एपीएम. हे कोड लिहिणाऱ्यांसाठी. इंटेलच्या एसडीएमचे सगळे भाग एकत्र केले तर ५,००० च्या वर पानं भरतात. एएमडीच्या मॅन्युअलच्या दुसऱ्या भागात व्हर्च्युअलायझेशनचं वेगळं प्रकरण आहे.

२. मदरबोर्डचं मॅन्युअल. हे तुमच्या-माझ्यासाठी. बायोसमध्ये कुठे जायचं, कुठला पर्याय चालू करायचा, हे यात असतं.

इंटेलने प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय २००५ मध्ये आणली, एएमडीने २००६ मध्ये. पण सोय चिपमध्ये असली म्हणजे चालू असतेच असं नाही. बऱ्याच बोर्डांवर ती बायोसमध्ये बंद ठेवलेली येते. आणि व्हर्च्युअलबॉक्सला डिसेंबर २०१९ च्या ६.१ आवृत्तीपासून ती सोय लागतेच. म्हणून आपल्या कागदात मदरबोर्डचं मॅन्युअल येणार, सुटका नाही.

मोठे लोक काय करतात?

माझी फजिती झाल्यावर मी शोधत बसले की ज्यांचा हाच धंदा आहे ते लोक संदर्भ कसा देतात.

लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा भाग आहे. होस्ट लिनक्सला व्हर्च्युअल मशीन चालवण्याची ताकद तोच देतो. क्युम्रानेट नावाच्या कंपनीत तो सुरू झाला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आला. २००८ मध्ये रेड हॅटने क्युम्रानेट विकत घेतली. रेड हॅटचं आपल्या पुण्यातही ऑफिस आहे. जगभरातल्या क्लाउड सर्व्हरवर आज केव्हीएम चालतं. म्हणजे चूक झाली तर एका दुकानाची बिलं थांबत नाहीत, लाखो मशीन अडतात.

या केव्हीएममध्ये कोड पाठवणाऱ्यांसाठी एक नियमावली आहे, २०२३ मध्ये लिनक्सच्या कागदपत्रांत आलेली. त्यात इंटेल-एएमडीच्या मॅन्युअलचा उल्लेख कसा करायचा यावर वेगळा भागच आहे. माझ्या शब्दांत सांगते:

- "एसडीएम" किंवा "एपीएम" एवढं नुसतं नाव लिहिलं तरी चालेल, सगळ्यांना कळतं.
- विभाग, तक्ता, आकृती यांचे नंबर लिहू नका. गरज असेल तर त्यांचं नाव लिहा आणि लागणारा मजकूर तिथेच उतरवून द्या. कारण या मॅन्युअलची मांडणी सतत बदलते, नंबर टिकत नाहीत.
- कोडच्या आतल्या टिपांमध्ये शक्यतो मॅन्युअलचे दाखले भरू नका. मात्र "हा बदल का केला" याची जी नोंद असते, तिथे दाखला जरूर द्या.

हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. इंटेलच्या मॅन्युअलमध्ये व्हर्च्युअलायझेशनची ओळख करून देणारं प्रकरण बरीच वर्षं २३ व्या नंबरवर होतं. नंतर आधीच्या भागात नवं प्रकरण घुसलं आणि पुढचे नंबर सरकले. जुना नंबर धरून गेलात की भलतंच प्रकरण उघडतं. माझ्या पान ३८ सारखंच! फरक एवढाच की त्यांनी आधीच नियम करून ठेवला होता.

आणखी एक उदाहरण. प्रॉक्समॉक्स हे केव्हीएमवर उभं असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, छोट्या ऑफिसच्या सर्व्हरसाठी बरेच जण वापरतात. खऱ्या मशीनमधलं एखादं कार्ड थेट आतल्या गेस्टला द्यायचं असेल, तर बायोसमध्ये वेगळी सेटिंग लागते. त्यांची मार्गदर्शिका सांगते की या पर्यायाचं नाव साधारणपणे "आयओएमएमयू" किंवा "व्हीटी-डी" असतं, पण नेमकं नाव तुमच्या मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बघा. बघा कसं लिहिलंय! काय शोधायचं ते सांगितलं, कुठल्या नावांनी सापडेल ते सांगितलं, आणि शेवटचा शब्द मॅन्युअलवर सोडला. पान नंबर नाही. जगात हजारो बोर्ड आहेत, ते लिहिणार तरी कुणाचा?

खरेदीखत आठवा

तुम्हाला हे कॉम्प्युटरचं वाटत असेल तर जमिनीच्या भाषेत सांगते. आपल्याकडे कुणाला समजणार नाही असं होणारच नाही.

१९४७ च्या कायद्याने महाराष्ट्रात जमिनींचं एकत्रीकरण झालं. जिथे झालं तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आता आजोबांच्या जुन्या कागदावर नुसता सर्व्हे नंबर असेल तर काय होतं? तलाठ्याकडे हेलपाटे. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घाला, उतारे काढा.

पण त्याच कागदात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला ओढा, दक्षिणेला गाडीवाट. नंबर बदलला तरी ओढा हलत नाही. म्हातारी माणसं नंबर विचारत नाहीत, "ओढ्याकडचं रान" म्हणतात आणि बरोबर जागेवर जाऊन उभी राहतात.

मॅन्युअलचा संदर्भ देताना चतुःसीमा लिहा. पान नंबर हा सर्व्हे नंबर आहे, आज आहे, उद्या बदलेल. पर्यायाचं नाव, तो कुठल्या मेनूखाली आहे, तो चालू झाल्यावर काय दिसतं, काय करू नये, या झाल्या चार सीमा.

नंबर अजिबात लिहूच नये असं नाही हां. खरेदीखतात दोन्ही असतं. फक्त नंबर लिहिलात तर कुठल्या कागदाचा नंबर तेही लिहा. मोठ्या कंपन्या मॅन्युअलला ओळख नंबर देतात आणि शेजारी आवृत्ती लिहितात. इंटेलच्या एकत्रित एसडीएमचा ओळख नंबर ३२५४६२ आहे, त्यापुढे आवृत्तीचा नंबर जोडलेला असतो. एएमडीच्या दुसऱ्या भागाचा २४५९३. ओळख नंबर तोच राहतो, आवृत्ती बदलत जाते. आवृत्ती न लिहिता नुसता पान नंबर देणं म्हणजे गाव न सांगता घर नंबर देण्यासारखं आहे.

मॉडेल एक, माल दोन

इथे नवखे लोक हमखास फसतात. बोर्डाचं मॉडेल लिहिलं म्हणजे झालं, असं समजू नका. काही कंपन्या एकाच मॉडेलचे रेव्हिजन १.०, १.१, २.० काढतात आणि त्यांची मॅन्युअलसुद्धा वेगळी असू शकतात. हा रेव्हिजन नंबर बहुतेक वेळा बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला असतो. कॅबिनेट उघडं आहे तोवर मोबाईलने फोटो काढून ठेवा. नंतर चार स्क्रू खोलायचा कंटाळा येतो, अनुभवाचे बोल.

प्रोसेसरचंही तसंच. इंटेलचा जुना कोअर टू क्वाड क्यू८३०० घ्या. एकाच नावाने विकल्या गेलेल्या या प्रोसेसरच्या काही चिप्समध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे, काहींत नाही. फरक चिपवर छापलेल्या छोट्या कोडवरून, म्हणजे एस-स्पेकवरून कळतो. सेकंडहँड माल घेऊन काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. "क्यू८३०० ला चालतं" असं ग्राहकाला कागदावर लिहून दिलंत आणि हातात दुसरी चिप आली, तर तुमचा शब्द गेला.

आता माझा कागद कसा असतो

मी आता दोन कागद करते. ही आयडिया केव्हीएमच्या त्या तिसऱ्या नियमातूनच घेतली.

पहिला, भिंतीवरचा कागद. हा दुकानातल्या पोरासाठी. यात मॅन्युअलचा दाखला नाही. मोजून चार ओळी:

- व्हर्च्युअल मशीन उठत नसेल तर आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा.
- तिथे "व्हर्च्युअलायझेशन" समोर "एनेबल्ड" लिहिलंय का बघा.
- "डिसेबल्ड" असेल तर बायोसला हात न लावता फोन करा.
- बोर्ड किंवा बोर्डावरचा सेल बदलला असेल तर फोनवर आधी ते सांगा.

शेवटची ओळ महत्त्वाची. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला किंवा बायोस अपडेट केलं, की सेटिंग पुन्हा कंपनीच्या मूळ स्थितीत जाऊ शकते. मशीन जुनंच, पण व्हर्च्युअलायझेशन बंद. ग्राहकाला वाटतं व्हायरस आला.

दुसरा, फाइलमधला कागद. हा माझ्यासाठी, किंवा उद्या माझ्या जागी येणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी. दाखले इथे:

- बोर्ड: कंपनी, पूर्ण मॉडेल, रेव्हिजन, बायोसची आवृत्ती. सोबत फोटो.
- प्रोसेसर: पूर्ण नाव.
- मॅन्युअल: त्याचं पूर्ण नाव, आवृत्ती किंवा महिना-वर्ष, मी ते कंपनीच्या साइटवरून कुठल्या तारखेला डाउनलोड केलं.
- विभागाचं नाव: मॅन्युअलमध्ये मथळा जसा आहे तसा. उदाहरणार्थ, "ॲडव्हान्स्ड" मेनूखाली "सीपीयू कॉन्फिगरेशन".
- पर्यायाचं नाव आणि हवी ती स्थिती: एनेबल्ड की डिसेबल्ड.
- का: एका वाक्यात. "आतलं विंडोज ७ व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालण्यासाठी."
- हात लावू नये: "साटा मोड जसा आहे तसाच ठेवावा, बदलल्यास विंडोज सुरू होणार नाही."
- हा कागद कधी रद्द: "बोर्ड बदलल्यास हा कागद लागू नाही."

ती शेवटची ओळ २०२१ च्या कागदावर असती तर माझा ग्राहक आजही माझ्याकडे असता.

पर्यायाच्या नावाबद्दल एक सूचना. इथे मी देवनागरीत लिहितेय, पण तुमच्या कागदावर स्क्रीनवर जसं दिसतं तसं, इंग्रजी अक्षरांतच लिहा. भाषांतर करू नका. एकाच गोष्टीला बोर्डागणिक नाव वेगळं असतं. कुठे "इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी", कुठे "व्हीएमएक्स", एएमडीच्या बोर्डांवर बहुतेक "एसव्हीएम मोड". आणि "व्हीटी-डी" दिसलं म्हणून तेच चालू करून मोकळे होऊ नका. ते कार्ड थेट गेस्टला देण्यासाठी असतं, साधं व्हर्च्युअल मशीन चालवायला लागते ती सेटिंग वेगळी.

मॅन्युअलची कॉपी करायची का?

लागणारं एखादं वाक्य उतरवून घ्या, खाली मॅन्युअलचं नाव टाका. तेवढ्याने काम भागतं. मात्र अख्खं मॅन्युअल झेरॉक्स करून त्यावर आपल्या दुकानाचा शिक्का मारू नका. ते कंपनीचं आहे. डाउनलोड केलेली पीडीएफ ग्राहकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, कारण जुन्या बोर्डांची पानं साइटवरून कधीतरी गायब होतात. लिंक मेली तरी तुमच्याकडे नाव, आवृत्ती आणि फाइल राहिली पाहिजे.

यात धंदा कुठे आहे?

आता मुद्द्याचं. "एवढी लिखापढी फुकटात करायची का?"

नाही. मी कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकते: "सेटअपची नोंद आणि फाइल, ३०० रुपये." सुरुवातीला लोक विचारतात, हे कशाला? मी म्हणते, "उद्या मी नसले तरी दुसरा कोणीही तुमचं मशीन चालू करून देईल, त्याची ही चावी आहे." ऐकल्यावर बहुतेक जण हो म्हणतात.

काही जणांना भीती वाटते की सगळं लिहून दिलं तर ग्राहक दुसऱ्याकडे जाईल. माझा अनुभव उलटा आहे. फाइल ज्यांच्याकडे आहे ते लोक परत येतात, कारण फोनवर पाच मिनिटांत काम होतं. सिद्धनाथाच्या रथाच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा बोर्डाचं मॉडेल काय हे विचारत बसायला कुणाला वेळ आहे? फाइल काढली, नाव वाचलं, सांगितलं, झालं.

आणि म्हसवडला कागदाची किंमत बाहेरच्याने शिकवायला नको. १९९७ मध्ये इथे माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्याआधी रिझर्व्ह बँकेने तिचा अर्ज एकदा नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि बँक काढून दाखवली. आपल्याला तर लिहिता येतं. मग आपला कागद दुसऱ्याला अडचणीत टाकणारा का असावा?

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुम्ही आतापर्यंत ग्राहकांना दिलेले कागद काढा. त्यात "पान अमुक", "तिसरा पर्याय", "खालून दुसरं बटण" असं जिथे जिथे असेल तिथे लाल पेनाने खूण करा.

२. त्या प्रत्येक जागी वस्तूचं नाव, मेनूचं नाव आणि मॅन्युअलची आवृत्ती लिहा.

३. प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ टाका: कुठली गोष्ट बदलली की हा कागद रद्द.

४. मग तो कागद अशा माणसाला द्या ज्याला त्यातलं काही कळत नाही. घरातल्या कुणालाही. आणि विचारा, "मी नाही असं समज. हे वाचून तू काय करशील?" तो जिथे अडखळेल, तिथे तुमचा कागद अजून कच्चा आहे.

मी ते दिघंचीकडचं लॅमिनेट केलेलं पान परत मागून घेतलं होतं. आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नवीन काम घेताना नजर जाते, आणि हात आपोआप पान नंबर लिहायचा थांबतो.

चला, कामाला लागा. पुढच्या व्हिडिओत हीच फाइल एका खऱ्या पीसीवर सुरुवातीपासून भरून दाखवते. भेटू!